सोपट की पट्टी

मनकर्णा नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. शेंदूरजनाघाटच्या त्यांच्या पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, संत्र्याच्या रोपांमध्ये उभे राहून सासरे भगवंत आणि दीर जानराव असे भांडत होते, की इकडे चुलीवरची भाकर करपली तरी तिला पत्ता नाही.

"डोळा बांधाचा तं केळीच्या सोपटानंच!"

"आबा, जमाना प्लास्टिकच्या पट्टीचा हाय!"

कलम करताना खुंटाच्या सालीत संत्र्याचा डोळा बसवल्यावर वरून केळीच्या बुंध्याचा पापुद्रा, म्हणजे सोपट, गुंडाळायचं की प्लास्टिक, एवढाच वाद. सासरे गेले, दीर गेले, वाद मात्र घरातच राहिला. मनकर्णा चाळीस वर्षं सोपटच बांधत आली. प्रत्येक गाठ मारताना डोळ्याला हळूच सांगायची, "बसून राय, बाई."

यंदा जानरावांचा किशोर तावातावानं आला. "काकू, तुह्या तीस कलमा मेल्या. म्या पट्टीनं बांधल्या, त्या दोनच मेल्या. आता वरूडहून पट्टीवाले आणतो. तू घरी आराम कर."

आराम! हातावर हात ठेवून बसायचं म्हणजे मनकर्णाला तापच यायचा.

"काहून रे, म्या बांधल्या दोनशे, तुनं वीस. दोनशे बांधल्या असत्या तं तुह्याबी वीस मेल्या असत्या."

"तरी दहा कमीच ना!"

किशोरची गीतांजली अकोल्याला शेतकी शिकते. ती म्हणाली, "बाबा, विसावरून काय ठरते? शंभर-शंभर बांधू. एकाच वाफ्यात, आजीच्याच हातानं. दोन-दोन रोपांची जोडी करू, तिच्यातल्या कोणाले सोपट, कोणाले पट्टी, ते छापाकाट्यानं."

"माह्या लग्नातबी एवढा न्याय नवता पाहिला कोणी," मनकर्णा म्हणाली आणि बसली बांधायला.

चाळीस झाल्यावर गीतांजलीनं हात धरला. "आजी, सोपटवालीले 'बसून राय' म्हणतं. पट्टीवालीच्या वेळी तोंड मिटलेलं!"

"ते सावत्र हाय."

"चालत नाही. दोघींले सारखं वागव."

झालं, नवा वाफा, पुन्हा पहिल्यापासून. सावत्र लेकींनाही शंभरदा बसून राहायला सांगावं लागलं.

तीन आठवड्यांनी गाठी सोडल्या. हिरवा डोळा म्हणजे जगला. सोपटाचे एकोणनव्वद, पट्टीचे ब्याण्णव.

किशोर उडालाच. "पट्टी जिंकली!"

"थांब रे," मनकर्णा म्हणाली. "परसाली दोन वाफे शंभर-शंभराचे, दोन्ही सोपटाचेच. एकात नव्वद जगले, दुसऱ्यात चौऱ्यांशी. तवा कोण जिंकलं होतं?"

गीतांजली हसत म्हणाली, "बाबा, तीन-चार तं असेच इकडचे तिकडे होतात. फरक नाहीच असं नाही म्हणत मी, पण एवढ्यात तो दिसला नाही."

"मंग एवढ्यासाठी वरूडवाले कशाले?" किशोर पुटपुटला. "काकू, उद्या येजो सकाळी."

"आज कुठं गेली होती मी?"

ऊन कलल्यावर मनकर्णानं विळा उचलला, केळीच्या बुंध्याची सोपटं सोलली आणि उद्यासाठी बादलीत भिजत टाकली. रोजच्यासारखीच.