चेअरमनसाहेब आणि वीतभर मेणबत्ती

मेणबत्ती किती वेळ जळेल, हे लोक तिची लांबी बघून सांगतात. पुढाऱ्याची योग्यता भाषणाच्या लांबीवरून ठरवणारी हीच माणसं. करंगळीएवढी जाड, वीतभर मेणबत्ती वाऱ्यात ठेवली तर दीड तासात आटोपते. वारा अडवून, वात गव्हाच्या दाण्याएवढी राखून जाळली तर तीन तास पुरते. वैशाखात तर ती पेटवण्याआधीच कमरेत वाकते. म्हणून आई तेरच्या बाजारातून आणलेल्या मेणबत्त्या ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची. समाजमंदिरातल्या मेणबत्तीचं काम तिच्याकडं होतं, आणि त्यात ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

आमच्या बौद्धवाड्याची रीत होती: वैशाखी पौर्णिमेला पाहुण्यानं बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची आणि ती संपेपर्यंत उठायचं नाही. फुंकायची तर मुळीच नाही. पाहुणे दरसाल एकच, सोसायटीचे चेअरमन. दुष्काळात टँकर कुठं रिकामा होणार, तेही तेच ठरवायचे. मोठे हुशार. त्यांचा माणूस आधी येऊन मेणबत्तीची जागा खिडकीपाशी करून जायचा. साहेब समतेवर बोलायचे, वारा मेणबत्ती खायचा, आणि पाण्याचं कुणी विचारायच्या आत सभा संपायची. आमच्याकडचं पाणी साहेबांनी कधी घेतलं नाही. दरवेळी त्यांचा नुकताच चहा झालेला असायचा. समता या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे.

त्या साली आठ दिवस टँकर आमच्याकडं फिरकला नव्हता. आईनं मेणबत्ती कोनाड्यात रोवली, खिडकी लावून घेतली आणि कात्री घेऊन शेजारी बसली. साहेबांचं समतेवरचं भाषण संपलं तेव्हा मेणबत्ती जेमतेम दोन बोटं उतरली होती. मग त्यांनी करुणा घेतली. मग सहकार. मग पुन्हा समता. आई मधूनच उठून वात छाटायची. पत्र्याखाली आम्ही सगळेच उकडून निघत होतो, पण खोटं कशाला बोलू, मला फार मजा येत होती. शेवटी साहेबांचा घसा बसला आणि त्यांनी पाणी मागितलं.

"पाणी न्हाय, साहेब," आई म्हणाली. "टँकर आला की देते."

साहेबांनी आपल्या माणसाला सायकलवर पिटाळलं. सोमवारी बघू, असं सांगितलेला टँकर अर्ध्या तासात दारात उभा राहिला. आईनं पहिला तांब्या भरला आणि साहेबांपुढं धरला. टँकरमागून आलेली गावातली माणसं दारातून बघत होती. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "आधी लेकरांना द्या."

त्यांच्या माणसानं टाळ्या वाजवल्या. केवढा तो त्याग.

आईनं तांब्या लेकरांकडं दिला, वात छाटली आणि साहेबांसमोर येऊन बसली.

"बसा साहेब," ती म्हणाली. "आजून तासभर जळंल."