यादीत नसलेला नवरा

डी.फार्म. झालेल्या मुलीला त्या काळात काय मागणी होती म्हणून सांगू! दोन हजार बारा-तेराचा सुमार. औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट हजर नसला की इन्स्पेक्टर शटर खाली ओढायला लावतो, अशी पनवेलभर हवा होती. ज्यांचं मेडिकल दुसऱ्याच कुणाच्या सर्टिफिकेटवर चालायचं, ते सगळे एकाएकी घरातल्या मुलांची लग्नं काढायला लागले. सून फार्मासिस्ट मिळाली की मुलाला बायको आणि दुकानाला कागद, एकाच मांडवात दोन्ही कामं.

मला तीन स्थळं आली, तिन्ही मेडिकलवाली. एका मुलाच्या मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता माझं सर्टिफिकेट मागितलं. खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "लॅमिनेशन नाही केलेलं?"

"कागदाचं करून घेते, पण माझं करता येणार नाही. चालेल का?" मी विचारलं. मी तशी तोंडाची फटकळच. स्थळ तिथंच मोडलं आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. कुणाच्या भिंतीवर फ्रेम लागावी म्हणून मी बोहल्यावर चढणार नव्हते.

तेव्हा मी पनवेलला आत्याकडे राहायचे. आईवडील उरणजवळ मोऱ्याला, आणि नोकरी तळोज्याच्या एका औषध कारखान्यात, पॅकिंगला. गोळ्यांच्या पट्ट्यांवरच्या तारखा बघायच्या, मुदतीचा आकडा जरा पुसट दिसला की अख्खा लॉट थांबवायचा, हे माझं काम. आत्या मासळी बाजारात बसायची. जीभ माझ्यापेक्षा दोन हात लांब, आणि जीवही तेवढाच लावायची.

चौथं स्थळ तिनंच आणलं. "पनवेलातच मेडिकल हाय त्यांचा. पोरगा तुज्यासारकाच शिकलेला हाय गो, औशदातला." म्हटलं, पुन्हा मेडिकल! पण पोरगा स्वतःच फार्मासिस्ट असेल तर त्यांना माझ्या कागदाची गरज नाही, असा हिशेब करून मी बघण्याच्या कार्यक्रमाला हो म्हटलं.

मुलगा आणि त्याची आई, दोघंच आले. आईनं पोहे मागून घेऊन दुसऱ्यांदा खाल्ले. सर्टिफिकेटचं नावही नाही! आम्हा दोघांना गॅलरीत दहा मिनिटं मिळाली. त्यानं विचारलं, "तुम्ही लॉट थांबवलात की सुपरवायझर ओरडत नाही?" मी म्हटलं, "ओरडतो ना. मग मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडते." तो असा खदखदून हसला, की शेजारच्या काकू बाहेर येऊन बघायला लागल्या.

मला तो आवडला. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी एकटीच हसत होते, इतका आवडला. आणि म्हणूनच धास्ती बसली. सर्टिफिकेटचा विषय त्यांनी काढला कसा नाही? गरज नाही म्हणून, की हे त्या मामांपेक्षा हुशार म्हणून? पुढच्या रविवारपर्यंत निरोप द्यायचा होता. मी हो म्हणावं आणि लग्नानंतर आठ दिवसांत यांनी हातोडी-खिळा घेऊन माझी फ्रेम ठोकायला घ्यावी, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कंपनीतली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, राज्यातल्या सगळ्या फार्मासिस्टांची यादी आता इंटरनेटवर आहे. नाव टाकायचं, नोंद आहे का नाही ते दिसतं. कुणालाही बघता येतं." माझ्या हातातला घास हातातच राहिला. एवढं सोपं!

शनिवारी पहिली पाळी संपवून मी आत्याला घेऊन तडक सायबर कॅफेत गेले. "मासा कल्ला उघडून बगल्याबिगर घ्यायचा नाय," आत्या जिना चढता चढता म्हणाली, "आनि नवरा तर नायच नाय." तिच्या टोपलीचा वास आत शिरला तसा पलीकडच्या खुर्चीवरचा माणूस सरकून बसला. मी पान उघडलं. त्याचं आडनाव, नाव, वडिलांचं नाव टाकलं. चक्र फिरत राहिलं.

नोंद सापडली नाही.

पुन्हा टाकलं. मग नुसतं नाव आणि आडनाव. नाही म्हणजे नाही.

"हाय का नाय?" आत्यानं विचारलं.

"नाय," मी म्हटलं, आणि उठलेच. म्हणजे हाही फार्मासिस्ट नाही. दुकान दुसऱ्याच कुणाच्या कागदावर, आणि आता माझा कागद हवा. ते गॅलरीतलं हसणं, ते पोहे, सगळं त्यासाठीच! डोळ्यांत पाणी आलं आणि डोकं असं तापलं, की घरी जाऊन निरोप धाडण्याइतकाही धीर राहिला नाही. मी सरळ त्यांच्या दुकानाची वाट धरली. मागून आत्या टोपली सावरत, "अगो थांब, अगो बाय माजे, लोक काय बोलतील," करत धापा टाकत येत होती.

दुपारची विश्रांती संपून दुकान नुकतंच उघडलं होतं. तो स्टुलावर चढून खोकी लावत होता, आणि काउंटरला पांढरा कोट घातलेली त्याची आई एका गिऱ्हाइकाला झापत होती. "डॉक्टरांनी गोळ्या पाच दिवस लिहिल्यात, तर पाचही दिवस घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत."

मी गिऱ्हाइकाच्या खांद्यावरूनच बोलले. "तुमच्या मुलाचं नाव यादीत नाही."

तो स्टुलावरून उतरला. "नाहीच आहे," तो म्हणाला. "मी बी.कॉम. आहे. आत्यांना तसं सांगितलं होतं की."

मी आत्याकडे बघितलं. आत्या छताच्या पंख्याकडे बघत होती. "आता दिवसभर औशदं इकतो तर औशदातलाच नाय का तो?" ती पुटपुटली. कल्ला काही तिनं उघडलाच नव्हता!

"मग हे दुकान कुणाच्या कागदावर चालतं?" मी विचारलं.

त्यानं नुसतं वर बोट दाखवलं. भिंतीवर फ्रेम होती. काच थोडी पिवळी पडलेली, आत दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो. नाक तेच, हनुवटी तीच. खाली काउंटरवर त्याची आई माझ्याकडे बघत होती.

मी वरमले, पण माघार घेईन तर मी कसली! "आज तुमचा कागद आहे काकू. उद्या तुम्ही थकलात की माझा लागेल. त्यासाठीच बघायला आलात ना?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या यादीत तू स्वतःचं नाव बघितलंस का गं?"

माझं? माझं कशाला बघू?

"आम्ही बघितलं," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे यायच्या आधीच. नावापुढे मुदतीची तारीखही असते तिथं. तुझ्या नोंदणीची मुदत संपून दीड वर्ष झालंय. नूतनीकरण केलंच नाहीस तू. तुझा तो कागद आज माझ्या काय, कुणाच्याच दुकानाला चालायचा नाही."

खरं होतं ते! कारखान्यात पॅकिंगला कुणी नोंदणी विचारायचं नाही, त्यामुळे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दिवसभर दुनियेच्या मुदती तपासणारी मी.

"मग आलात कशाला?" माझा आवाज अगदीच बारीक निघाला.

काकूंनी मुलाकडे बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला. "पळस्प्याला एका लग्नात बघितलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "पंगतीत ताकाची पाकिटं वाटत होते. तुम्ही पाकीट उलटं करून तारीख बघितली आणि केटररला सगळी परत उचलायला लावलीत. नवऱ्यामुलाचे काका मधे पडले, तर त्यांनाही गप्प केलंत. मी घरी येऊन आईला सांगितलं."

"ताकाची तारीख बघतेस," काकू म्हणाल्या, "तशी स्वतःचीही बघत जा." आणि खणातून नूतनीकरणाचा फॉर्म काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "हा भर आधी. इथं लावायला नको. तुझ्याजवळ असू दे."

माझा कागद बाद आहे हे त्यांना माहीत होतं. माहीत असून आले होते. माझ्यासाठी, नुसत्या माझ्यासाठी आले होते! मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ते गिऱ्हाईक औषधं घेऊन झाली तरी हलेना.

"माझं हो आहे," मी म्हटलं.

"अगो," आत्या टोपली खाली आपटत म्हणाली, "रईवार तरी येऊ दे!"