अर्ध्या तिकिटाचे आठ आणे

चौथीत असताना मला हिशेबाचा फार माज होता. तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ, त्यामुळे माले गावातल्या आमच्या आळीत मी दीडशहाणी म्हणूनच ओळखली जायचे. आईला अक्षरओळख नव्हती. पैशाच्या बाबतीत तिचा सगळा भरवसा माझ्यावर.

त्या पावसाळ्यानंतर तिचा खोकला हटेना, म्हणून आम्ही दोघी शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून पौडला डॉक्टरकडे गेलो. एरवी कुठंही पायीच जायचो. पण गाडी तिथून पुढं जाणार होती आणि परत चालत येणं तिला झेपणार नव्हतं. एसटीनं यायचं ठरलं. आम्ही दोघीही आधी कधी एसटीत बसलो नव्हतो. स्टँडवरच्या एका बाईनं मालेचं तिकीट एक रुपया सांगितलं.

औषध घेऊन चोवीस रुपये उरले. कापडाच्या दुकानात आईनं लाल काठाचं हिरवं लुगडं हातात घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. घरी तिची दोनच लुगडी, दोन्ही फाटलेली, दंड घालून जोडलेली. घासाघीस करून भाव साडेबावीसवर आला.

"बसतंय का बघ गं," आई म्हणाली.

"न्हाई बसत," मी ताडकन सांगितलं. "दोन तिकिटांचं दोन रुपयं. आठ आणं कमी पडत्यात."

'नीट बघ' असं तिनं एकदाही म्हटलं नाही. घडी घालून लुगडं परत दिलं. मी मात्र दुकानदाराच्या शाबासकीची वाट बघत उभी.

एसटीत आईनं दोन रुपये पुढे केले. कंडक्टरनं आठ आणे परत दिले.

"पोरीचं अर्धं तिकीट असतंय, बाई."

साडेबावीस आणि दीड, बरोबर चोवीस! पौड केव्हाच मागं पडलं होतं. मला रडू फुटलं. स्वतःचा इतका राग आला, अजूनही येतो. आईनं ते नाणं माझ्या मुठीत कोंबलं.

"रडू नगं. म्होरल्या बाजाराला घिऊ."

त्या बाजाराआधीच आई गेली. सवाष्ण गेलेली, तिला हिरवं नेसवायला हवं, म्हणून वडिलांनी माणूस पाठवून पौडहून नवं लुगडं आणवलं. काठ लालच होता. बायकांनी तिला ते नेसवलं. भाव कुणी विचारला नाही, बसतंय का ते मला कुणी विचारलं नाही. मी दाराशी उभी होते, आठ आणे मुठीत घट्ट धरून.