ऑपरेशन छान झालं होतं

सत्तर-बाहत्तर सालच्या सुमारास नागपूरच्या एका दवाखान्यात माझ्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालं. पुढे तपासणीला जायचो तेव्हा बाकावर इतवारीतला एक विणकर भेटायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याचंही तेच ऑपरेशन झालेलं. माझं दुखणं थांबलं, त्याचं थांबेना. टाके कधीच सुकले होते, पण छातीला कापडाचा स्पर्शही सोसत नसे. जन्मभर लुगडी विणलेला हा माणूस अंगातला सदरा चिमटीत धरून छातीपासून लांब ठेवायचा.

डॉक्टर त्याची एक्स-रेची फिल्म उजेडात धरून म्हणायचे, "ऑपरेशन छान झालंय. दुखणं तुमच्या मनात आहे."

बाहेर येऊन तो मला सांगायचा, "ऑपरेशन बरं आहे भाऊ, मीच दुखून राहिलो." घरच्यांनीही त्याला कामचुकार ठरवलं होतं.

मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कुठे, कसं दुखतं ते नीट विचारलं आणि बरगड्यांमधल्या नसेजवळ ती बधिर करायचं इंजेक्शन दिलं. तो बाहेर आला तेव्हा सदरा छातीला टेकला होता.

"सुटलात एकदाचे!" मी म्हणालो.

तो हसला नाही. "दुखत होतं तवा कोणी मानलं नाही," तो म्हणाला. "आता थांबलं, तं सगळे म्हणतीन, बिचाऱ्याले खरंच दुखत होतं."