वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या ठमामावशी

ठमाबाई भोईर यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. साठीच्या गौरव अंकात असं लिहिणं शोभत नाही, हे मला कळतं. पण मावशींबद्दल खोटं लिहायची सोय नाही. का नाही, ते शेवटी सांगतो.

आपल्या प्राणिमित्र मंडळातल्या नव्या मंडळींना मावशी ठाऊक आहेत त्या भिवंडीत कामतघरला लूम कामगारांची भिशी, म्हणजे खानावळ, चालवणाऱ्या म्हणून. मी त्या वेळी वनरक्षक होतो. नव्या शतकाला तीन-चार वर्षं झाली होती. मे महिन्यातल्या एका भर दुपारी खबर लागली, की भिशीच्या मागच्या गाळ्यांतून सुताच्या खोक्यांत घालून कासवं परदेशी चालली आहेत. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली ही कासवं घरात ठेवली की बरकत येते, एवढ्या समजुतीपायी त्यांना रानातून उचलतात. आम्ही छापा घातला. खोकी फोडली, तर एकेक कासव पायमोज्यात कोंबून वर चिकटपट्टी मारलेली. काही हलत नव्हती.

जप्तीचा पंचनामा करायचा तर दोन पंच लागतात, म्हणजे सगळं डोळ्यांनी पाहून सही देणारी बाहेरची माणसं. भिवंडीत पंच शोधायला निघालं, की भरलेला धामणकर नाकासुद्धा रिकामा होतो. एक पानवाला कसाबसा तयार झाला. दुसऱ्या मावशी आल्या, पदराला हात पुसत.

"कासवांना पानी दावलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

आम्ही दिलं नव्हतं. त्यांनी भिशीतून परात आणवली, मोजे कापायला लावले, कासवं पाण्यात ठेवली आणि मग म्हणाल्या, "लिवा आता."

मी भराभर तीन पानं लिहिली. बाहेर माणसं जमत होती. ज्या गाळ्यात कासवं सापडली, त्याच्या शेठची माणसं मोबाइलवर कुणाला तरी बोलावत होती, आणि आमच्या जीपपुढे कुणीतरी टेम्पो आडवा लावला होता. पानवाल्याने न बघता सही ठोकली. मावशींनी कागद घेतला, ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या.

"मावशी, द्या इकडे, मी वाचून दाखवतो."

"तुमी लिवलंय, तुमी त्येच वाचाल. मना येल लागंल, पन वाचल्याबिगर सही न्हाय."

चाळिशी उलटल्यावर त्या साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला फक्त शटरवर पडणाऱ्या थापा ऐकू येत होत्या. पहिलं पान संपायला पाव तास लागला. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे जे आलं, ते छापण्याजोगं नाही.

दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"गाला नंबर सा लिवलाय. कासवं तं नवातशी काढली. सा नंबरात माजं डबं जातान, तिथं नुसतं लूम हायेत."

खबऱ्याने आधी चुकून सहा सांगितला होता आणि तोच आकडा माझ्या डोक्यात बसला होता. नऊ नंबरात उभा राहून मी सहा लिहिला होता. खरा चोर सुटला असता आणि एक निरपराध लूमवाला अडकला असता, तोही माझ्या हाताने. मी आकडा दुरुस्त केला. मावशींनी दुरुस्तीशेजारी सही केली, उरलेलं दीड पान वाचलं आणि मगच खाली सही केली. टेम्पो बाजूला करवून आम्ही निघालो तेव्हा जीपच्या काचेवर दगड बसला. मावशींना तर तिथेच राहायचं होतं.

खटला उभा राहीपर्यंत भिशीतल्या पंगती ओस पडल्या. शेठने आपल्या कामगारांना तिकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी समन्स घेऊन गेलो, त्याच्या थोडं आधी त्याचा माणूस येऊन गेला होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"बोलला, मावशी, येवढंच सांगा, मना वाचाला येत न्हाय, साहेबानं दावलं तिथं सही केली. मंग पोरं उद्यापासून जेवाला येतील."

"मग?"

"मंग काय? भाकऱ्या कमी थापतंय."

कोर्टात पानवाला फितूर झाला. त्याला काहीच आठवेना. आता सगळी केस मावशींवर येऊन ठेपली. आरोपीच्या वकिलांना बहुधा त्यांच्या लुगड्याकडे बघूनच खात्री पटली असावी. त्यांनी पंचनामा पुढे केला आणि हसत म्हणाले, "बाई, वाचता येतं ना? मग वाचा."

मावशींनी बोट ठेवलं. "वन्यजीव" पार पडलं आणि "संरक्षण"वर गाडी अडली. "सं... र..." पुढे काही येईना. वकील न्यायाधीशांकडे वळले. तो शब्द मला ओरडून सांगावासा वाटत होता. मावशींनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "संरक्षण."

मग पान सरकायला लागलं. ते संपल्यावर वकील म्हणाले, "पुरे."

"साहेब," मावशी थेट न्यायाधीशांना म्हणाल्या, "आकडा दुसऱ्या पानाव हाय. त्यो वाचू द्या."

न्यायाधीशांनी मान हलवली. मावशी गाळ्याच्या आकड्यापर्यंत पोचल्या. "हितं आदी सा व्हता. मी सांगून नव करवला. ही माजी सही." शेठला शिक्षा झाली. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी मावशींच्या पाया पडलो आणि मला रडू आवरलं नाही.

जगली ती कासवं रानात सोडली. मावशी आजही भेटल्या की आधी त्यांची चौकशी करतात, मग माझी. सहा नंबरवाल्यांची माणसं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जेवतात, पण कोर्टाबाहेर माझी ती चूक मावशींनी त्यांच्या कानावर कधी जाऊ दिली नाही. माझी लाज राखली. आज मीच ती चूक छापून मोकळा होतो आहे.

आता शेवटचं. हा लेख मी संपादकांच्या आधी मावशींना नेऊन दिला. त्यांनी दोन दुपारी बोट ठेवून तो वाचला. कोर्टाच्या प्रसंगात मी लिहिलं होतं, "मावशींना भीती ठाऊक नाही." तिथे बोट थांबलं.

"ह्ये खोटं हाय. लय भ्या वाटलेलं. पाय लटलटत व्हते. खोड."

मी खोडलं. त्यांनी शेजारी सही केली.

आपल्या सगळ्यांच्या वतीने शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, "साठी पूर्ण करणाऱ्या आमच्या ठमामावशींना निरोगी शंभर वर्षांचं आयुष्य लाभो आणि त्यांची नजर शेवटपर्यंत शाबूत राहो." त्या ओळीवरून मावशींनी दोनदा बोट फिरवलं.

"ह्ये राहू दे," म्हणाल्या, आणि खाली सही केली.