सिस्टरांची लेखी ऑर्डर

मला राग फार लवकर येतो. बाजार पडला की त्याहून लवकर.

निवृत्तीनंतरचे पैसे कुठे ठेवायचे हे लोकांना सांगणं हा माझा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर मांडून बावीस वर्षं तेच करतोय. यंदा बाजार आठ आठवडे सलग पडत होता आणि जो उठेल तो मला फोन करून विचारत होता, "विकून टाकू का?" अरे, वर जाताना तोंडाला पाणी सुटतं आणि खाली येताना पाचावर धारण बसते, हे काय लावलंय? एका रिटायर मास्तरांवर तर मी ओरडलोच. "अहो, ते पैसे तुम्हाला दहा वर्षं लागणार नाहीत! टीव्ही बंद करा आणि फिरायला जा!" बायको आतून म्हणाली, "गिऱ्हाइकांवर खेकसून पोट भरतं का कधी?"

सगळ्यांना मी एकच सांगत होतो, काही करू नका, थांबा. ते बहुतेकांच्या बाबतीत खरंही होतं.

फोन आला नाही तो एकट्या सिस्टरांचा.

सिस्टर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातल्या हाडांच्या वॉर्डच्या सिस्टर. दुसऱ्यांची हाडं जुळेपर्यंत पस्तीस वर्षं त्यांच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि स्वतःचे गुडघे घालवून बसल्या. मिस्टर छापखान्यात होते. त्यांची नजर कडेकडेनं जात चाललीय आणि ती परत येणारी नाही. सिस्टरांचं मागणं एवढंच होतं की अठ्ठावन्न पूर्ण झाली की घरी बसायचं, मिस्टरांना थोडंफार दिसतंय तोवर.

पहिल्यांदा आल्या तेव्हाच म्हणाल्या होत्या, "मला बाजारातलं ओ की ठो कळत नाही. काय करायचं, कधी करायचं, ते लेखी द्या. आमच्यात तोंडी ऑर्डर चालत नाही." मला हसू आलं, पण दिलं लिहून. वय छप्पन पूर्ण झालं की निम्म्याहून जास्त पैसे शेअरच्या फंडातून काढायचे आणि बँकेत ठेव करायची. खाली माझी सही.

छप्पन पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्रपाळी संपवून, सिस्टर तो कागद घेऊन दारात हजर! बाजार तेव्हा नुसता उधळला होता. मी म्हणालो, "अहो सिस्टर, दुभती गाय कोणी विकतं का? सहा महिने थांबा."

"पण लिहिलंय ना, साहेब?"

"मीच लिहिलंय आणि मीच सांगतोय."

त्या गेल्या. बरोबर सहा महिन्यांनी परत आल्या. मी परत तेच ऐकवलं. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत आणि मीही बोलावलं नाही. लोकांच्या हावरटपणावर तोंडसुख घेणारा शहाणा तो मीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझ्या डोक्यात आजही तिडीक जाते.

गेल्या मंगळवारी सकाळी सिस्टर आल्या. खुर्चीचे हात धरून सावकाश बसल्या.

"साहेब, पुढच्या महिन्यात रिटायर होतेय. किती राहिलेत?"

मी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. जवळजवळ निम्मे उरले होते.

"एवढ्यात भागेल?"

मी तीनदा हिशेब केला. आकडे काय, माझ्या बापाचे नोकर आहेत? "नाही भागणार," मी म्हणालो. "हॉस्पिटल मुदतवाढ देत असेल तर दोन वर्षं काढा. तोवर बाजार वर येईल."

"मुदतवाढ देतायत," सिस्टर म्हणाल्या. "पण डॉक्टरांनी यांच्या डोळ्यांना एकच वर्ष दिलंय."

यावर गप्प बसावं की नाही माणसानं? मी नेमकं नको ते बोललो. "बाजारापुढे कोणाचं चालतं, सिस्टर?"

त्यांनी टेबलावरचं पॅड माझ्यापुढे सरकवलं. "आमच्याकडे औषध चुकलं की रिपोर्ट लिहावा लागतो. काय सांगितलं होतं, काय दिलं, कोणी दिलं. लिहा."

मी निमूटपणे लिहायला लागलो. छप्पन पूर्ण झाल्यावर पैसे काढायचे ठरलं होतं. परंतु बाजार अचानक पडल्यामुळे...

त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि ती ओळ खोडली. "बाजार पडतोच. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना. ऑर्डर कोणी बदलली ते लिहा."

"सिस्टर, त्यापेक्षा माझ्यावर ओरडा हो! चार शिव्या घाला!"

"लिहा."

मी लिहिलं. ऑर्डर मी बदलली. दोनदा बदलली. रुग्णाने दोन्ही वेळा विचारलं होतं. रुग्ण हा शब्द हातून कसा गेला देव जाणे, पण त्यांनी तो तसाच राहू दिला. सही झाल्यावर तारीख आणि वेळही घालायला लावली.

मग कागद वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि टेबलाचा आधार घेत उठल्या.

"मला राग आलाय, साहेब," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "इतका की तुमच्याकडे बघवत नाही. पण तीनला ड्यूटी आहे, आणि त्याआधी घरी जाऊन यांच्या डोळ्यांत थेंब घालायचेत."