दाराशी लावलेली शिडी

लोणखेड्यातल्या आमच्या घराच्या दारावर शेवग्याची एक वाळकी फांदी आलेली होती. पडली तर डोक्यात पडेल, म्हणून ती मी मार्चमध्येच कापणार होतो. तेवढ्यात तांबटाच्या जोडीने तिच्यात ढोली केली. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळाला लाल टिळा. सुतार पक्ष्याच्या नात्यातला, त्याच्यासारखाच चोचीने लाकूड कोरणारा. बायको म्हणाली, पिल्लं उडेपर्यंत फांदीला हात लावायचा नाही.

पिल्लं कधी उडतील ते कळावं म्हणून मी रोज सकाळी सात ते आठ या वेळात, आईबाप खाऊ घेऊन किती फेऱ्या मारतात ते मोजायला लागलो. आधी सहा, मग नऊ, एकदा चौदा. एका संध्याकाळी शिडी लावून ढोलीचं तोंडही मोजलं. पाच सेंटिमीटरला थोडं कमी. शिडी तशीच राहिली.

दुसऱ्या सकाळी फेऱ्या शून्य. तासभर आणखी बसलो, तरी शून्य. पिल्लं उडाली असं मी जाहीर केलं आणि गल्लीतल्या सुतारचाचांना फोन केला. बायकोला ते पटलं नव्हतं. कालपर्यंत आईबाप भरवत होते आणि आज उडाली कशी, एवढंच ती विचारत राहिली.

चाचा करवत घेऊन शिडीवर चढले. करवत लावण्याआधी त्यांनी फांदीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. खाली उतरून त्यांनी शिडी उचलली, भिंतीकडेला आडवी टाकली.

"मझार पिल्ले शेतस भाऊ," ते म्हणाले. "तुमना दारना म्होरे कोनी शिडी लाई, तं तुम्ही मझार येशात का?"

पिल्लं अजून आतच होती, माझ्या शिडीला भिऊन आईबाप आत शिरत नव्हते. बायकोने माझ्याकडे बघून घेतलं.

आम्ही तिघं घरात जाऊन खिडकीशी उभे राहिलो. चहा झाला. तारेवर एक तांबट येऊन बसला, मान वाकडी करून बघत राहिला, परत गेला. चाचांची दुसरीकडच्या कामाची वेळ होत आली होती, पण ते हलले नाहीत. तेविसाव्या मिनिटाला तो चोचीत उंबर घेऊन आला आणि थेट ढोलीत शिरला. बायकोने डोळ्यांना पदर लावला.

पुढचे बारा दिवस तिने पुढचं दार बंद ठेवलं. मी, दूधवाला, पाहुणे, सगळे मागच्या दाराने.